न घासलेली पिन

खाडीकाठच्या एका गावात भांडी घासणारी एक बाई होती. तिने घासलेल्या तांब्यात बघून गावातले पुरुष दाढी करतात, अशी तिची थट्टा व्हायची. पण त्या थट्टेत खोटं फारसं नव्हतं. उत्सवाआधी देवळातल्या समया घासायचा मान दरवर्षी तिचाच असे आणि त्या मानावर तिचा फार जीव होता.

एकदा ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढताना चिखलात तिच्या बोटांना एक वाकडी पिन लागली. तांब्याचीच असावी, पण हिरव्या गंजाने पार माखलेली. बाईचे हात शिवशिवले. घरी येऊन तिने चिंच भिजत घातली, मीठ घेतलं, पिन डोळ्यांजवळ धरली आणि ती थबकली. गंजात एक धागा अडकला होता, केसाएवढा बारीक.

"कुणाच्या तरी अंगावरच्या कापडाचा आहे हा," ती पुटपुटली आणि तिने चिंचेची वाटी बाजूला सारली.

बातमी गुरवाच्या कानावर गेली. तो म्हणाला, "खाडीने दिलेली वस्तू देवाची. उत्सवात पायाशी ठेवू. लख्ख करून आण हो!"

"देवाला देते, पण घासणार नाही. आत कुणाचा तरी धागा आहे."

"तू आणि घासणार नाहीस? मग यंदा समयासुद्धा दुसरीला देतो!"

बाई घरी जाऊन भरपूर रडली. पण चिंचेला काही तिने हात लावला नाही. पिन फडक्यात गुंडाळून तिने शाळेच्या गुरुजींना दाखवली आणि गुरुजींनी शहरातल्या संग्रहालयाला पत्र धाडलं.

ऐन उत्सवात संग्रहालयाच्या बाई आल्या. भिंगातून बघता बघता त्या एकदम म्हणाल्या,

"ही रोमची पिन! दोन हजार वर्षांपूर्वीची. तिकडच्या कुणा खलाशाने हिने खांद्यावर घोंगडी अडकवली असेल. हा त्याच लोकरीचा धागा, गंजानेच जपलेला. घासली असती तर पिन चकाकली असती आणि धागा मोरीतून वाहून गेला असता."

गुरव मान खाली घालून गाभाऱ्यात गेला आणि सगळ्यात मोठी समई घेऊन आला.

"हिच्या खाचांत काळं राहिलंय, बाय. तुझ्याशिवाय नाही निघायचं."

"आणा इकडे. ही मात्र घासायचीच," असं म्हणून बाईने पदर खोचला.

तात्पर्य: काम करणारे हात पुष्कळ असतात, कुठे थांबायचं हे ज्या हातांना कळतं, मान त्यांचा.