ब्रिजितचा उतार

मांडवखारच्या आमच्या चर्चला पुढून एकही पायरी नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. रस्त्यापासून दारापर्यंत हा दगडी उतार आहे. खाली नीट बघा, मधूनमधून फुटक्या पायऱ्यांच्या कडा दिसतात. अकरा होत्या म्हणे.

सात-आठ पिढ्यांपूर्वीची गोष्ट. गावात ब्रिजित नावाची बाई होती. लहानपणीच्या तापात तिचे पाय वाळले होते. हातांच्या जोरावर सरकत ती दर रविवारी पायऱ्यांपर्यंत यायची आणि खालीच बसून मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, ऐकायची. सोबतीला आंधळा बस्त्याव. तो मासे धरायची जाळी विणायचा. या दोघांना वर न्यावं असं कोणाच्या मनात आलं नाही. चर्चचा कारभारी पासकू म्हणायचा, "देवाला खालूनही ऐकू येतं."

ईस्टरच्या आधीच्या रविवारी आम्ही झावळ्या घेऊन चर्चला येतो, अशाच एका झावळ्यांच्या रविवारी सकाळी खाडीत लुटारूंची गलबतं शिरली. असं सांगतात, की त्यांनी किनाऱ्यावरची पहिली सात घरं माणसांसकट पेटवली. वाटेत सापडलेल्या म्हाताऱ्यांचे गळे चिरले. गाव चर्चकडे धावलं. पायरीवर बसलेल्या दोघांना ओलांडून माणसं आत गेली आणि पासकूने दाराला अडसर घातला.

तेव्हा ब्रिजित जन्मात पहिल्यांदा त्या पायऱ्या चढली. कोपरं सोलली, हनुवटी फुटली. वर पोचून तिने दार वाजवलं.

"पासकूदादा, मी ब्रिजित. वर आलेय. दार उघडा."

आतून बायका ओरडल्या, "उघड रे, तिला घे आत!" पण पासकू अडसराला पाठ लावून उभा राहिला. "आता उघडलं तर सगळे मरू," म्हणाला.

तोवर लुटारू पोचले. त्यांच्या म्होरक्याने ब्रिजितचे केस धरून डोकं दारावर आपटलं. "रड. हाका मार. त्यांनी दार उघडलं तर तुला सोडतो." ती गप्प राहिली. त्याने तिचा डावा हात उंबऱ्यावर ठेवला आणि दोन बोटं छाटली. मग ती ओरडली, इतकी, की आतली पोरं कान झाकून रडू लागली.

"उघडू नका! पासकूदादा, काही झालं तरी उघडू नका!"

म्होरक्याने तिसरं बोट तोडलं. खाली बस्त्यावने हे सगळं ऐकलं. त्याच्या मांडीवर शिशाच्या गोळ्या लावलेलं नवं जाळं होतं. पायांच्या आवाजाचा अंदाज घेऊन त्याने ते पायऱ्यांवर फेकलं. पाच-सहा जण गुरफटून एकमेकांवर कोसळले. एकाने उठून बस्त्यावच्या पोटात भाला खुपसला. तरी त्याने जाळ्याची दोरी सोडली नाही.

ब्रिजितचे शब्द पासकूच्या पाठीत घुसले होते. त्याने स्वतःच अडसर काढून फेकला. झावळ्या तोडायचे कोयते पुरुषांच्या हातात होतेच. पुढे जे झालं त्याला लढाई म्हणत नाहीत. जाळ्यातल्यांना त्यांनी जाळ्यातच तोडलं. म्होरक्याचं मुंडकं सातव्या पायरीवर थांबलं म्हणे. उरलेले पळाले, काही चिखलात रुतून मेले. दोरी सोडवायला बस्त्यावची मूठ मेल्यावरही उघडेना, म्हणून त्याला दोरीसकट पुरलं.

ब्रिजित वाचली. जखमा भरल्यावर पहिल्या रविवारी ती आली, तेव्हा सगळं गाव पायऱ्यांशी उभं होतं. फुलांनी सजवलेली खुर्ची होती. पासकू वाकून म्हणाला, "बाय, आम्ही तुला उचलून नेतो."

"उचलू नका," ब्रिजित म्हणाली. "आज उचलाल, उद्या विसराल. पायऱ्या काढा."

पासकू उभा राहिला तसाच घरी गेला आणि घण घेऊन आला. पहिला घाव त्याचा. मिस्सा त्या दिवशी झालीच नाही, दगड फुटत राहिले. पावसाळ्याआधी उतार तयार झाला आणि ब्रिजित आपल्या हातांनी, उरलेल्या सात बोटांनी, वर सरकत गेली. वेदीपुढे बसली. पाद्री सुरू करणार, तोच ती म्हणाली, "थांबा फादर. पासकूदादा, बाहेर बघून या, कोणी राहिलंय का."

पासकू गेला. मरेपर्यंत दर रविवारी जात राहिला.

आजही आमच्यात ज्याला चालता येत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही, तो पहिल्या रांगेत बसतो आणि त्यांच्यापैकीच कोणीतरी हात वर करतं. कारभारी उठतो, दाराबाहेर जातो, रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघतो. पाऊस असो, बिशप आलेले असोत. तो परत येऊन "कोणी नाही" म्हणेपर्यंत पाद्री क्रूसाची खूण करून मिस्सा सुरू करत नाहीत.