सावल्यांचे रांजण

एका राज्यात माणसांना सावल्या नव्हत्या. बारशाला राजाचा मांत्रिक येई, चांदीच्या कात्रीने बाळाची सावली कापी आणि खजिन्यातल्या रांजणात ठेवी. सावली नसलेल्याचे पाऊल राजाज्ञेविना वेस ओलांडत नसे. सणावारी राजा उदग्रसेन दिवसापुरत्या सावल्या परत देई. लोक उंबऱ्याला कपाळ टेकून म्हणत, "कृपा झाली, महाराज."

त्या राज्यातल्या शमिकेचा नवरा सावलीवाचूनच वारला. मागाहून मुलगी झाली. बारसे जवळ आले, तशी शमिका दरबारात उभी राहिली.

"महाराज, माझ्या लेकीची सावली कापू नये."

"तीन कामे कर. मग तिची सावली तिला बक्षीस."

राजाज्ञेने ती वेशीबाहेर पडली, बाळ पाठीशी बांधून. अग्निपर्वताच्या माथ्यावरचे हिम तिने ओल्या पदरात आणले. नागाच्या बनातला केवडा खुडला. बाळाच्या रडण्याला कंटाळून नाग आधीच निघून गेला होता. वाऱ्याची शीळ तिने शंखात धरली.

परतताना तटावरचा भारद्वाज पक्षी बोलला, "शाब्बास, मुली. ही तिन्ही कामे मीही केली होती."

"आपण कोण?"

"प्रधान होतो. सावली बक्षीस घेतली, कृपा झाली म्हणालो. पुढे राजाची मर्जी फिरली. बक्षीस परत गेले, ही शेपूट आली. छान आहे म्हणतात."

दरबारात तिन्ही वस्तू ठेवून शमिका उभी राहिली. सवयीने मान वाकू लागली. अर्ध्यावर थांबली.

"म्हण, कृपा झाली," मांत्रिक म्हणाला.

"कृपा कशाची? सावली तिचीच आहे."

"तिला ती कोणी दिली?" राजा गरजला.

"कोणीच नाही. जन्माला येताना ती घेऊन आली. जे तुम्ही दिलेच नाही, ते परत कसे घ्याल?"

मान वर होती, म्हणूनच तिला दिसले. कलत्या उन्हात छत्राची सावली फरशीवर पडली होती. राजाची नव्हती.

"महाराज," ती हळूच म्हणाली, "तुमचीही रांजणातच आहे का?"

राजाने मांत्रिकाकडे पाहिले. मांत्रिकाने खाली पाहिले. त्याचा मंत्र लोकांच्या त्या दोन शब्दांवर उभा होता, आणि राजासमोर ते नाकारणारे आजवर कोणी भेटले नव्हते. कात्री गंजून गळली. रांजण तडकले. सावल्या धावत आल्या आणि आपापली पावले शोधून निजल्या. भारद्वाजाचा प्रधान झाला. दोन दिवस तो शेपूट चाचपत होता.

एका सावलीला पावले उरली नव्हती. ती शमिकेशेजारी उभी राहिली. बाळावर वाकली. मग उन्हात विरून गेली.

राजा छत्राबाहेर आला.

तेव्हापासून त्या राज्यात बारसे उन्हात होते. राजा बोलावल्यास येतो. बाळाची सावली पाहतो, घुगऱ्या खातो आणि काहीही न देता घरी जातो.