रिकामा रकाना

गारगड नावाचं एक राज्य होतं. नावच गारगड, तेव्हा तिथल्या थंडीचं काय विचारता! दिवाळी सरली की राजवाड्यामागचा मोठा तलाव गोठायचा, तो पार होळीपर्यंत. लोक मग घरात शेकोटीला चिकटून बसायचे का? छे! सगळं गाव तलावावर. पायात पोलादी पात्यांचे बूट, हातात बाकदार काठ्या आणि बर्फावर सरकणारी एक काळी चकती. ती समोरच्या संघाच्या जाळ्यात मारली की गोल. ह्या बर्फावरच्या हॉकीचं गारगडला असं वेड होतं की राजा गंभीरसेनानं खेळाडूंना चक्क पगार बांधून दिले होते. संघ पुष्कळ होते, पण खरी चुरस दोघांतच असायची. वरवाडीचे लांडगे आणि खालवाडीची अस्वलं.

त्या गारगडात एक शास्त्रीबुवा राहत होते. धुंडिराजशास्त्री त्यांचं नाव. राज्याचा ज्ञानकोश लिहायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्यात हॉकीच्या प्रत्येक हंगामावर एक लेख असायचा.

शास्त्रीबुवा येण्याआधी त्या लेखांचा नुसता खेळखंडोबा होता. लांडग्यांचा लेखक लिहायचा, 'आमच्या शूर वीरांनी थरारक विजय मिळवला.' अस्वलांचा लेखक त्याच सामन्याबद्दल लिहायचा, 'पंच आंधळा होता.' वाचणारे आपसात हमरीतुमरीवर यायचे. शास्त्रीबुवांनी हे सगळं एका झटक्यात बंद केलं. त्यांनी नियमावलीच केली. लेखाच्या डोक्यावर एक चौकट. चौकटीत हंगामाचं साल, संघ आणि विजेता. खाली जिंकलेले, हरलेले आणि बरोबरीत सुटलेले सामने. त्याखाली प्रत्येक सामन्याची नोंद, मग संघात कोण आलं आणि कोण गेलं. 'शूर' लिहायचं नाही, 'थरारक' तर मुळीच लिहायचं नाही. कोण जिंकलं, किती गोलांनी, एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं.

काम खरंच चोख होतं, त्यात वाद नाही. भांडणं थांबली. पोरंसोरंसुद्धा लेख उघडून हवी ती गोष्ट पटकन शोधू लागली. शास्त्रीबुवांची मान ताठ झाली. आणि मान ताठ झाली तसा त्यांनी आणखी एक नियम घातला, सगळ्यांत वर, लाल शाईनं: 'कुठलाही रकाना रिकामा राहता कामा नये.'

"आपल्या कोशात एक रकाना रिकामा दाखवा, मी पगडी उतरवून ठेवतो," असं ते चारचौघांत छाती ठोकून सांगायचे.

त्यांची बायको सगुणाबाई मोठी फटकळ. ती म्हणायची, "अहो, मिठाचा डबा कधीचा रिकामा आहे. तेवढा एक रकाना भरता का?" शास्त्रीबुवा हसून पुन्हा कागदात डोकं घालायचे.

एका वर्षी राजानं दवंडी पिटवली. पाडव्याला ज्ञानकोशाची पालखी निघणार, शेजारच्या राज्यांतले पंडित येणार, आणि धुंडिराजशास्त्र्यांना शालजोडी देऊन 'कोशाधीश' ही पदवी मिळणार. शास्त्रीबुवांचा आनंद गगनात मावेना. आयुष्यभर उपसलेल्या कष्टांचं चीज होणार होतं.

सगळे लेख तयार होते. चालू हंगामाचा लेखही जवळजवळ झाला होता. राहिला होता एक रकाना. विजेता!

लांडगे आणि अस्वलं अगदी बरोबरीत होते. होळीच्या दिवशी अखेरचा सामना व्हायचा होता. पण त्या वर्षी झालं असं, की होळीच्या आधीच दक्षिणेकडून ऊन वारं सुटलं. तलाव काळपट दिसायला लागला. काठावरचा बर्फ सकाळी असायचा आणि दुपारी त्याचं पाणी झालेलं असायचं. धुणं घेऊन आलेल्या बायका पोरांना ओरडू लागल्या, "आत पाय टाकाल तर तंगडं मोडीन!" खेळाडूंनीही पात्यांचे बूट पुसून खुंटीला टांगले.

शास्त्रीबुवांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. ते तडक राजाकडे गेले.

"महाराज, सामना झालाच पाहिजे."

राजानं खिडकीतून तलावाकडे पाहिलं. "बर्फ पेलेल का?"

"पेलेल, महाराज! नियमावलीत हंगाम होळीपर्यंत आहे. म्हणजे बर्फही होळीपर्यंत आहे."

इतक्या ठामपणे सांगितल्यावर राजा तरी काय बोलणार? शास्त्रीबुवांचा शब्द आजवर कधी खोटा ठरला नव्हता. राजानं हुकूम काढला. होळीच्या सकाळी सामना होईल, आणि जो खेळाडू येणार नाही त्याचा पगार बंद.

घरी आल्यावर शास्त्रीबुवांनी मोठ्या उत्साहात सगुणाबाईला ही बातमी सांगितली. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"आणि एखादं पोर बुडालं तर? ते कुठल्या रकान्यात लिहाल?"

"तसा रकाना नाही आपल्याकडे," शास्त्रीबुवा बोलून गेले.

बोलून गेले खरे, पण ते वाक्य त्यांचं त्यांनाच कसंसंच वाटलं. सगुणाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. शास्त्रीबुवांनी मनाशी म्हटलं, काही होत नाही, बायकांना उगाच शंका येतात, आणि ते लेखाची प्रत सारखी करायला बसले.

होळीची सकाळ उजाडली. तलावाकाठी सगळं गाव जमलं होतं, पण एरवी असतो तसा गलका नव्हता. वरवाडीच्या बायका खालवाडीच्या बायकांना धरून उभ्या होत्या. दोन्ही संघ बूट घालून काठावर ताटकळत होते. पगार बंद म्हणजे घरची चूल बंद, म्हणून आले होते बिचारे. पुढे पाऊल मात्र कुणी टाकेना.

शास्त्रीबुवा लेखाचे कागद छातीशी धरून आले. "चला, चला! कशाची वाट बघताय?"

लांडग्यांचा कप्तान रायाजी पुढे झाला. उंचापुरा गडी, आणि जिभेला मोठी धार. तो म्हणाला, "शास्त्रीबुवा, आम्ही पगारी माणसं. राजाचा हुकूम आम्ही मोडत नाही. पण तुमच्याच नियमावलीत आहे ना, की सामन्याची नोंद करणाऱ्यानं मधल्या रेषेशी उभं राहून सामना पाहावा? मग आधी तुम्ही उभे राहा. आम्ही आलोच तुमच्या मागनं."

लोकांत हशा पिकला. रायाजीला वाटलं, आता म्हातारा मागे फिरेल, सामना रद्द होईल आणि सगळे घरी जेवायला जातील.

पण तो म्हातारा म्हणजे धुंडिराजशास्त्री! नियम त्यांचा, तो सगळ्या गावासमोर ते मोडणार होय? त्यांनी धोतर वर खोचलं, पगडी नीट केली आणि बर्फावर पाय ठेवला.

"अहो, मी गंमत केली! मागे या!" रायाजी ओरडला.

शास्त्रीबुवांनी ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं. बर्फ पायाखाली कुरकुरत होता. ते स्वतःला समजावत होते, होळीपर्यंत आहे, होळीपर्यंत आहे. बरेच आत गेल्यावर त्यांनी सहज खाली पाहिलं. बर्फाखाली पाणी हलताना दिसत होतं. परत फिरावं म्हणून त्यांनी पाय उचलला, आणि कडाड्कन आवाज झाला.

शास्त्रीबुवा छातीपर्यंत पाण्यात! पाणी कसलं, सुया टोचाव्यात तसं. पगडी तरंगत एकीकडे गेली. एका हातानं त्यांनी बर्फाची कड धरली, ती तुटली. दुसरी धरली, तीही तुटली. दुसऱ्या हातात कागद होते, ते मात्र त्यांनी उंच धरले होते.

काठावर सगुणाबाईनं हंबरडा फोडला.

मग जे झालं ते गारगडात आजवर कुणी पाहिलं नव्हतं. रायाजीनं पायांतले बूट उपसून फेकले आणि तो बर्फावर पोटावर पडून सरपटत निघाला. त्याचे घोटे अस्वलांचा कप्तान हैबतीनं धरले. हैबतीचे घोटे एका लांडग्यानं धरले, त्याचे आणखी एका अस्वलानं. अशी सगळी पोरं एकमेकांना धरून बर्फावर आडवी झाली. बर्फ करकरत होता, पण एकानंही हात सोडला नाही. सगळ्यांच्या पुढे रायाजीची हॉकीची काठी शास्त्रीबुवांच्या तोंडापाशी पोचली.

"धरा! दोन्ही हातांनी धरा!"

"अरे, माझे कागद..."

"कागद सोडा, शास्त्रीबुवा! बर्फ फुटला तर आम्ही सगळेच तुमच्याबरोबर खाली जाऊ!"

शास्त्रीबुवांनी रायाजीच्या पाठीमागे पाहिलं. एकामागोमाग एक तरणी पोरं बर्फावर पडलेली. प्रत्येकाचं नाव त्यांनी आपल्या हातानं कोशात लिहिलं होतं. कोणाचे किती गोल, कोण कोणत्या वर्षी संघात आलं, सगळं तोंडपाठ. त्यांचे चेहरे मात्र त्यांनी इतक्या जवळून आज पहिल्यांदा पाहिले. भीतीनं पांढरे पडलेले चेहरे. ह्यांना आपण इथं आणलं, ह्या विचारानं म्हाताऱ्याचं काळीज चिरलं.

त्यांनी कागद सोडून दिले आणि दोन्ही हातांनी काठी घट्ट धरली.

पोरांनी त्यांना ओढत काठावर आणलं. घोंगडीत गुंडाळलं, शेकोटीपाशी बसवलं, गरम कढण पाजलं. सगुणाबाई रडत रडत त्यांना रागावत होती आणि रागावत रागावत त्यांचे तळवे चोळत होती. शास्त्रीबुवांचे दात कडकड वाजत होते. जरा बोलता यायला लागल्यावर ते म्हणाले, "रायाजी, मी कोशात लिहितो, ह्या हंगामाचे विजेते दोन्ही संघ. आज तुम्ही सगळेच जिंकलात रे!"

रायाजीनं मान हलवली. "न खेळता कसले विजेते? उद्या माझ्या नातवानं विचारलं, 'आजोबा, किती गोलांनी जिंकलात?' तर काय सांगू? तुमच्या कोशात खोटं नसतं म्हणून तर आम्ही तो वाचतो."

शास्त्रीबुवा म्हणाले, "खरं आहे बाबा तुझं."

पाडवा आला. पालखी निघाली, सनई वाजली, परराज्यांतले पंडित दरबारात दाटीवाटीनं बसले. राजानं सगळ्यांदेखत कोश उघडला आणि मोठ्या कौतुकानं शेवटच्या हंगामाचा लेख काढला. पुन्हा नव्यानं लिहिलेला, रेघारेघांनी देखणा. आणि चौकटीत 'विजेता' ह्या शब्दापुढे काहीच नाही.

पंडितांत कुजबुज झाली. कुणीतरी फिसकन हसलं. राजाचा चेहरा लाल झाला.

"शास्त्रीबुवा! रकाना रिकामा?"

"होय, महाराज."

"रिकामा दिसला तर पगडी उतरवेन म्हणाला होतात ना तुम्ही?"

शास्त्रीबुवांनी नवी पगडी उतरवली आणि राजाच्या पायाशी ठेवली. मग ते वळले. दरबाराच्या दाराशी लांडगे आणि अस्वलं नवे कपडे घालून, हारतुऱ्यांसाठी खांद्याला खांदा लावून उभे होते.

"महाराज, हा रकाना भरावा म्हणून मी ह्या पोरांना पाण्यात लोटायला निघालो होतो. तो रिकामा आहे, म्हणून ही सगळी आज इथं उभी आहेत. ह्यांतलं एक जरी पोर कमी असतं, तर भरलेला रकाना तुम्हाला बघवला असता का?"

त्या हुकमावर शिक्का राजाचाच होता. गंभीरसेन सिंहासनावरून उतरला. त्यानं पगडी उचलली, आपल्या हातानं शास्त्रीबुवांच्या डोक्यावर ठेवली आणि लेखावर बोट ठेवून म्हणाला, "हा रकाना असाच राहू द्या. कुणी भरायला लागलाच, तर त्याला माझ्याकडे पाठवा."

तात्पर्य: आपलं काम पुरं दिसावं म्हणून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालू नये; आणि जे घडलंच नाही, त्याची जागा रिकामी ठेवायला लाजू नये.