झुपकीचा दाणा आणि अण्णाची फटफटी

एक होती खार. अगदी एवढीशी. पण शेपूट केवढी झुपकेदार! म्हणून तिचं नाव झुपकी.

आई म्हणाली, "झुपके, आता तू मोठी झालीस. आज तुझा दाणा तूच आण."

झुपकी झाडावरून उतरली. सरसर, सरसर. खाली शिदूअण्णाचं अंगण. अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या.

झुपकीनं एक शेंग धरली. कुटुकुटु, कुटुकुटु. टरफल फुटलं. आत दाणा. गोल गोल, लाल लाल. पहिलावहिला दाणा, स्वतः सोललेला!

दाणा तोंडात धरून झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, थांब. तुरुतुरु तुरुतुरु, थांब.

वाटेत उभी अण्णाची फटफटी. त्या दिवशी होती खंडेनवमी. हत्यारांची पूजा, गाडीचीही पूजा. म्हणून अण्णानं सकाळीच फटफटी धुतली. एक बादली ओतली. आणखी एक ओतली. ओततोय, ओततोय, थांबतोय कुठला! फटफटी झाली लखलख.

तिच्या मागं धूर सोडायचं नळकांडं. तेही लखलख. झुपकीनं त्यात पाहिलं, तर काय! तिथं आणखी एक खार!

"अगं, तू कोण?" झुपकीनं विचारलं.

विचारलं, तसं तोंड उघडलं. तोंड उघडलं, तसा दाणा निसटला.

टण. टण. टण. गडप!

दाणा गेला नळकांड्यात.

झुपकीनं डोकं घातलं. मावेना. हात घातला. पोचेना. शेपूट घातली. शेपूट काळी झाली, दाणा काही येईना.

तेवढ्यात शिदूअण्णा आला. त्यानं किक मारली. खर्र... फुस्स! पुन्हा मारली. खर्र... फुस्स!

"अगं चल की बाई!" अण्णा म्हणाला. "माझी सगुणा स्टँडावर उतरली असंल. सणाला आलेली लेक काय चालत येईल व्हय?"

फटफटी ढिम्म. अण्णा घाम पुसत पायरीवर बसला.

मग झुपकी पुढं झाली. हात जोडले आणि म्हणाली,

"फटफटी गं फटफटी, फटफट कर ना!
दाणा बाहेर येईना,
मग मी खाऊ काय?"

फटफटी म्हणाली, "मी नाही जा! ठिणगीशिवाय मी फटफट कशी करू? आधी प्लगला सांग जा."

प्लग म्हणजे फटफटीची काडेपेटी, बरं का. तो बसतो तिच्या पोटापाशी. झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, थांब.

"प्लगा रे प्लगा, ठिणगी पाड ना!
फटफटी फटफट करीना,
दाणा बाहेर येईना,
मग मी खाऊ काय?"

प्लग म्हणाला, "आक् छी! मी नाही जा! अण्णानं मला भिजवलं. तोंडाला काजळी, अंगाला पाणी. मला बाहेर काढा, पुसा, मग बघू. आधी पान्याला सांग जा."

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, थांब. पाना होता दारात, पाटावर बसलेला. शेजारी कोयता, शेजारी विळा. सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं. कसे ऐटीत बसलेले!

अण्णाही तिथंच आला. त्यानं पान्याकडं हात नेला. फट्! अण्णाची बायको गिरजाक्का, तिनं हातावर चापटी दिली.

"पूजेला बसलंय हत्यार! फूल वाहिल्याबिगर हात लावायचा न्हाई!"

"मग वाह की फूल."

"कुठलं वाहू? झेंडू बघा कसा मान टाकून बसलाय!"

अण्णा पुन्हा पायरीवर बसला. झुपकी पाटाजवळ गेली.

"पान्या रे पान्या, पाटावरून ऊठ ना!
प्लग ठिणगी पाडीना,
फटफटी फटफट करीना,
दाणा बाहेर येईना,
मग मी खाऊ काय?"

पाना म्हणाला, "मी नाही जा! वर्षातून एकदा माझी पूजा. फूल नाही, तर उठणं नाही. आधी झेंडूला सांग जा."

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, थांब.

"झेंडू रे झेंडू, फूल दे ना!
पाना पाटावरून उठेना,
प्लग ठिणगी पाडीना,
फटफटी फटफट करीना,
दाणा बाहेर येईना,
मग मी खाऊ काय?"

झेंडू हळूच म्हणाला, "मी नाही जा... घसा सुकला. फटफटीला एवढं पाणी घातलं, मला थेंब नाही. आधी बादलीला सांग जा."

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, थांब. बादली विहिरीवर उपडी पडलेली.

"बादली गं बादली, पाणी आण ना!
झेंडू फूल देईना,
पाना पाटावरून उठेना,
प्लग ठिणगी पाडीना,
फटफटी फटफट करीना,
दाणा बाहेर येईना,
मग मी खाऊ काय?"

बादली म्हणाली, "मी नाही जा! दोराशिवाय विहिरीत उतरले, तर वर कोण ओढणार? तुझा मामा? आधी दोराला सांग जा."

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, थांब. दोर कुठं होता? शेळीच्या गळ्यात! शेळी शेंगा खायला धावली, म्हणून अण्णानं विहिरीचाच दोर तिला बांधला होता.

"दोरा रे दोरा, बादलीला धर ना!
बादली पाणी आणीना,
झेंडू फूल देईना,
पाना पाटावरून उठेना,
प्लग ठिणगी पाडीना,
फटफटी फटफट करीना,
दाणा बाहेर येईना,
मग मी खाऊ काय?"

दोर कण्हत म्हणाला, "मी नाही जा! ही शेळी हिसके देते, माझी गाठ आवळते. मी सुटू कसा? आधी शेळीला सांग जा."

आता लांब जायला नको. शेळी तिथंच होती. दाढी हलवत होती.

"शेळी गं शेळी, दोर सोड ना!
दोर बादलीला धरीना,
बादली पाणी आणीना,
झेंडू फूल देईना,
पाना पाटावरून उठेना,
प्लग ठिणगी पाडीना,
फटफटी फटफट करीना,
दाणा बाहेर येईना,
मग मी खाऊ काय?"

शेळी म्हणाली, "बें! मी नाही जा! मला भूक. वर बघ, शेवग्याचा पाला. कसा हिरवागार! तो मिळाला, तर मी हिसके देणार नाही."

"मग घे की."

"माझं तोंड पोचत नाही."

"अक्का काढेल."

"अक्काचा हात पोचत नाही."

"मग कुणाला सांगू? कोण पोचतं तिथं?"

शेळी नुसती झुपकीकडं बघत राहिली.

झुपकीनं वर पाहिलं. खाली पाहिलं. पुन्हा वर पाहिलं.

"अय्या! मीच की!"

सरसर, सरसर. झुपकी शेवग्यावर चढली. कुटुकुटु, कुटुकुटु. सळ्ळ... धप्प! पाल्याची डहाळी शेळीच्या पुढ्यात.

शेळी पाला खायला पुढं सरकली. चर्रम् चर्रम्. हिसके थांबले. गाठ सैल झाली. दोर सुटला.

गिरजाक्का बाहेर आली. "बरं झालं बाई, दोर मोकळा झाला!" तिनं दोर बादलीला बांधला. बादली विहिरीत उतरली. बुडुक बुडुक! पाणी घेऊन वर आली. पाणी झेंडूला मिळालं. गटगट गटगट. झेंडूनं मान वर केली.

"घे गं बाई फूल," झेंडू म्हणाला. "मोठ्ठं घे!"

अक्कानं फूल पान्याला वाहिलं. कोयत्याला वाहिलं, विळ्याला वाहिलं. घंटी वाजवली. किणकिण किणकिण.

"उचला आता," अक्का म्हणाली.

पाना टुण्णकन उठला. अण्णानं प्लग बाहेर काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. फू फू करून वाळवला. परत बसवला. झुपकी बघत होती. आता येणार! आता माझा दाणा येणार!

अण्णानं किक मारली.

खर्र... फुस्स!

"अं?" अण्णा म्हणाला.

"अं?" झुपकी म्हणाली.

खर्र... फुस्स!

अण्णाचा चेहरा एवढासा झाला. "सगुणा बसली असंल गाठोड्यावर, वाट बघत."

झुपकीचाही चेहरा एवढासा झाला. ती फटफटीवर चढली. टाकीवर डोकं टेकलं आणि हळूच म्हणाली,

"फटफटी गं फटफटी, शेळीनं दोर सोडला, दोरानं बादली धरली, बादलीनं पाणी आणलं, झेंडूनं फूल दिलं, पाना पाटावरून उठला, प्लगही पुसून झाला. आता तुझं काय गं?"

"ठिणगी पडतेय गं," फटफटी म्हणाली. "पण मलाही तहान लागलीय. पेट्रोलच येईना खाली!"

"कुठून येतं ते?"

"टाकीखाली बघ. तो छोटा कॉक, पेट्रोलचा नळ."

झुपकी टाकीखाली गेली. कॉकवर चढून बसली. शेपूट हलवली. चिक् चिक् चिक्!

"हाड!" अण्णा ओरडला. "अगं कुठं बसलीस? कॉकवर कुठं..."

अण्णा थांबला. वाकला. डोळे बारीक केले.

"कॉक बंदच की रं! धुताना मीच बंद केला व्हता!"

गिरजाक्का हसत सुटली. पदर तोंडाला लावून हसली. "आहो, बादल्याच्या बादल्या वतल्या, आणि प्यायला थेंब न्हाई? बिचारीला वरनं आंघोळ, आतनं उपास!"

अण्णाही हसला. कॉक उघडला. पेट्रोल खाली उतरलं. गुळुक गुळुक.

झुपकी टुणकन उडी मारून नळकांड्यामागं बसली. हात पुढं केले.

अण्णानं किक मारली.

खर्र... खर्र... फट्!

फट् फट् फट् फट्!

आणि नळकांड्यातून काय उडालं? दाणा! उंच उडाला. गिरकी घेतली. खाली आला. झुपकीनं तो अलगद झेलला.

"हा हू! हा हू! केवढा गरम!"

या हातातून त्या हातात. फू फू, फू फू. लाल दाणा झाला होता खरपूस. वास कसा? खमंग!

"आई गं, बघ बघ!" झुपकी ओरडली. "माझा दाणा भाजून आला!"

आई झाडावरून उतरली. अर्धा आईनं खाल्ला, अर्धा झुपकीनं. कुर्रम् कुर्रम्.

आणि अण्णा? तो गेला लेकीला आणायला. फट् फट् फट् फट्, वळणापलीकडं. जाताना झेंडूकडं बघून म्हणाला, "उद्यापास्नं पयलं पाणी तुला रं बाबा!"

दाणा गेला पोटात, फटफटी गेली वाटेत, गोष्ट राहिली आपल्या ओठात.