खिंडीतला हत्ती आणि ओढ्याकाठचे शेजारी

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक खार राहत असे. तिच्या ढोलीत चारोळ्यांचा साठा असे. ओढ्यापलीकडे काटेरी साळू रसाळ कंद उकरून काढी, आणि वरच्या आमराईत एक माकड होते. पण मुलांनो, हे तिघे शेजारी असूनही एकमेकांकडे कधी जात नसत. साळूचे काटे टोचतील, माकड फसवील, अशी ज्याची त्याला धास्ती. म्हणून जो तो आपला माल खिंडीपलीकडे हत्तीच्या माळावर नेई. तिथे हत्ती ठरवील तीच अदलाबदल, आणि निम्मा वाटा त्याचा.

एका उन्हाळ्यात माकडाने हत्तीला उलट उत्तर दिले. हत्ती संतापला आणि खिंडीत आडवा उभा राहिला. "आजपासून इकडे कुणीच यायचे नाही!" चूक एकाची, शिक्षा साऱ्यांना. ओढा आटला होता. खारीच्या ढोलीत चारोळ्या होत्या, पण पिल्लांच्या घशाला ओल देणारा एक कंद नव्हता. चौथ्या दिवशी तिचे धाकटे पिल्लू गेले. त्याला पाचोळ्याखाली झाकून, उरलेल्या दोघांसाठी खार कोरडा ओढा ओलांडून साळूच्या बिळाशी गेली.

"साळूताई, चारोळ्या आणल्या आहेत. एखादा कंद देशील?"

"अगं, माझ्याकडे कंद कुजून चालले आहेत! आधी का नाही आलीस?"

"तुझ्या काट्यांची भीती वाटली," खार म्हणाली. "धाकटे पिल्लू गेले गं, दोन उरली आहेत."

साळूने काटे मिटले आणि कंदांची रास पुढे लोटली. "आधी पिल्लांना दे. चारोळ्यांचे मग बघू."

दुसऱ्या दिवशी माकडही आंबे घेऊन आले. कुरबुरी झाल्याच. माकडाने तळाशी सडके आंबे दडवले, तेव्हा खारीने ते सर्वांदेखत परत घ्यायला लावले. हळूहळू मोहाच्या झाडाखाली रोजची देवघेव सुरू झाली.

पावसाळा सरला तरी माळावर कुणी फिरकेना. अखेर हत्तीच खाली आला. "खिंड मोकळी केली आहे. या. निम्मा वाटा पूर्वीसारखाच."

खार पुढे झाली. "येऊ, गजराज. तुमच्या माळावरची बोरे आम्हालाही हवीत. पण वाटा किती, ते मिळून ठरवू. आता आम्हाला यायलाच हवे, असे राहिलेले नाही."

हत्तीने मोहाच्या झाडाखालच्या राशींकडे पाहिले. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्याने विचारले, "तुमचे म्हणणे काय आहे?"

तात्पर्य : दूरच्या बलवानावर सारा भार टाकण्याआधी शेजाऱ्याचे दार ठोठवावे, शेजार एक झाला की बलवानालाही बरोबरीने बोलावे लागते.