तेलिणीची चौकट

हैबतनगरच्या कापडबाजारात शिरलं, की डाव्या हाताला भांड्यांचं दुकान आणि मोबाइलचं दुकान यांच्या मधोमध एक दगडी चौकट उभी दिसते. दोन्ही अंगांना छातीएवढी काळ्या दगडाची भिंत, आत मोकळी जमीन, वर आभाळ. छप्पर नाही, कधी नव्हतंही. या बाजारात हातभर जागेसाठी भाऊ भावाच्या उरावर बसतो, पण चौकटीच्या आत कुणी टपरीसुद्धा टाकत नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा दोन्हीकडची दुकानं मागे सरली, चौकट होती तिथंच राहिली. परगावचा पाहुणा हटकून विचारतो, एवढं सुबक काम अर्धवट कुणी सोडलं? तर इथली माणसं जराशी दुखावतात. म्हणतात, "अर्धवट कसलं हो, ते पुरं झालेलं घर आहे." मग पाहुण्याला बसवून घेतात, चहा सांगतात, आणि सुरुवात करतात ती अशी.

फार पूर्वी, साहेबाच्या राज्याच्याही कितीतरी आधी, इथं नगर नव्हतं. वाकी नदीचं वळण होतं, बाभळी होत्या आणि गुढघाभर गवताचं कुरण होतं. ही जागा हैबतराव जहागीरदारांच्या मनात भरली. त्यांनी ठरवलं, इथं असं शहर वसवायचं की वाटसरूनं चार मुलूख पाहिले तरी हेच आठवावं. दूरदूरचे कारागीर बोलावले. त्यांत मोताजी नावाचा बेलदार होता.

बेलदार म्हणजे दगड फोडणारी, घडवणारी, भिंती रचणारी माणसं. पण त्यांचं स्वतःचं घर म्हणून नसे. गाढवावर पाल लादायचं, काम असेल तिथं ठोकायचं, काम सरलं की पुढचा मुक्काम. लोकांना घरं बांधून द्यायची आणि आपण चांदण्याखाली निजायचं.

त्यांचा एक रिवाज होता. काम धरताना मुख्य कारागीर तिथं ओळंबा टांगायचा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ चढते की नाही ते त्यावरून कळतं. तो टांगून शपथ घ्यायची, की हा उतरेपर्यंत मी गावाची हद्द ओलांडणार नाही. पण उतरवायचा हक्क कारागिराला नाही. मालकानं चारचौघांत 'माझं काम पुरं झालं' म्हणायचं आणि आपल्या हातानं ओळंबा उतरवायचा. तोवर कारागिराचा शिधा मालकाकडं. आता मालक लोक चिकटच असायचे. रोजचा शिधा त्यांच्या जिवावर यायचा, म्हणून काम झालं रे झालं की धावत येऊन ते ओळंबा उतरवायचे. जुन्या बेलदारांनी विचार करूनच ही मेख मारली होती. एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही, की एखादा मालक दिलदार निघाला तर काय?

हैबतराव दिलदार निघाले.

मोताजीनं पहिली वेस बांधली. तो स्वतः हद्दीबाहेर जाऊ शकत नव्हता, म्हणून वेशीचं बाहेरचं अंग त्याच्या माणसांनी रचलं. तो वरून वाकून सांगत गेला. वेस पाहून हैबतराव इतके खूश झाले, म्हणे, की त्यांनी गळ्यातली माळ काढून मोताजीच्या गळ्यात घातली. ओळंब्याकडं मात्र हात गेला नाही. "एवढ्यात कुठं निघालास? नगारखाना कोण बांधणार?"

'काम पुरं झालं' हे शब्द आलेच नाहीत; ओळंबा नुसता वेशीवरून नगारखान्यावर गेला. नगारखान्यावरून बारवेवर, बारवेवरून धान्याच्या कोठारावर. दर वेळी मोताजीला शेला मिळाला, हातात सोन्याचं कडं आलं, तेली आळीत, म्हणजे आजच्या या कापडबाजारात, राहायला माडीचं घर आलं. गावात कुणाच्या तोंडी दुसरं नाव नसे. नवी वस्ती वाढत होती, पेठेला पेठ जोडली जात होती, आणि जो तो म्हणत होता, नशीब काढलं बेलदारानं.

आता कुणी म्हणेल, पळून का गेला नाही? पळून जाणं कठीण नव्हतं. पण बेलदारांची पक्की समजूत होती, की ओळंबा टांगलेला ठेवून जो हद्द ओलांडतो, त्याच्या हातची प्रत्येक भिंत त्या दिवसापासून कलायला लागते. मोताजीनं बांधलेल्या भिंतींआड आता हजारो माणसं निजत होती. पाळण्यातली पोरं होती. तो जितकं बांधत गेला, तितका अडकत गेला.

माडीच्या घरात तो निजत नसे. अंगणात पाल ठोकून त्यात राही. शेजारी चिमाई नावाची तेलीण राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एक बैल आणि एक घाणा. शेजारच्याच्या घरी काय शिजलं हे झाकण उघडायच्या आत हिला कळायचं. कुडावरून डोकावून ती म्हणाली, "काय हो बेलदार, एवढं घर दिलंय सरकारनी आन् तुमी अंगणात पाल ठोकून बसलाय. छप्पर काय चावतं का?"

"चावत न्हाई, बाई. दिसभर तुळया बघतो. रातीला डोळं उघडलं की वर पुन्हा तुळईच."

"आमच्या वरनं तर पावसाळाभर पाणीच दिसतं," चिमाई म्हणाली. "द्या मंग तुमची तुळई हिकडं."

मोताजी हसला. तेव्हापासून दोघांचं बोलणं सुरू झालं.

त्याचा तांडा दर हिवाळ्यात नदीपलीकडं उतरायचा. बायको धुरपा, लेक राही, भाऊबंद, सगळे. बाजाराच्या दिवशी धुरपा पाटे-वरवंटे विकायला गावात यायची, घटकाभर नवऱ्याजवळ बसायची आणि ऊन उतरायच्या आत परत जायची. गाढवं होती, म्हातारी माणसं होती. बाकीचे दिवस मोताजी पलीकडच्या चुलींचा धूर बघायचा. मग हैबतरावांनी नदीच्या बाजूनं तट घालायला सांगितला. मोताजी थर चढवत गेला. पहिल्या थरांनी गाढवं दिसेनाशी झाली, मग पालं, मग माणसं. शेवटी त्याला आपल्या माणसांचा धूर बघायलाही आपणच रचलेल्या तटावर चढावं लागायचं.

अशा एका बाजाराच्या दिवशी धुरपा आली ती बसलीच नाही. उभ्यानंच म्हणाली, "राहीचं जमलंय. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिशी अक्षता. त्याच्या दुसऱ्या दिशी तांडा उठतोय."

"आन् परत कधी?"

"परत न्हाई. कुरण हुतं तिथं तुमच्या सरकारची पेठ झाली. गाढवांनी काय दगड खावं?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "पोर इचारती, बा येणार का. काय सांगू तिला?"

मोताजी त्याच पावली वाड्यावर गेला. इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा काही मागितलं. हैबतराव रागावले नाहीत. उलट म्हणाले, "अरे, तुझी लेक ती माझी लेक. लग्न वाड्यात लावू. चौघडा वाजवू."

"सरकार, आमची लग्नं उघड्यावर लागत्यात. वर छप्पर असलं तर तांडा ते लगीन धरत न्हाई."

"मग चौकात लावू. तिथं कुठं छप्पर आहे?"

"चारी अंगानं भिंत हाय, सरकार."

सगळा दरबार हसला. भिंती बांधणाऱ्यालाच भिंत नको, ही गंमत झाली. मोताजी हसला नाही. हैबतरावांनी मान हलवली. "बरं. कोठाराचे दगड वाहताना गाड्यांच्या धक्क्यानं त्या तेलिणीचं घर पडलं, तिची तक्रार आली आहे. तिला पक्कं दगडी घर बांधून दे. ते घर तिच्याच मालकीचं, असं मी सांगून ठेवतो. ते झालं की बघू."

या 'बघू'चा अर्थ सगळ्या गावाला ठाऊक होता. त्याच्या पुढच्या कामाची, दिवाणजींच्या हवेलीची, आखणीसुद्धा झाली होती.

चिमाईचं घर खरंच पडलं होतं. मातीच्या भिंती एका बाजूला झोपल्या होत्या, बैल देवळामागं बांधला होता, आणि ती स्वतः ओवरीत निजत होती. तिच्या सात पिढ्यांत कुणी दगडी घर पाहिलं नव्हतं. मोताजीनं काम धरलं आणि जीव तोडून केलं. घर जितकं लवकर उभं राहील, तितकं बरं, एवढीच त्याला आशा. चौकट बसली. कोठारावरचा ओळंबा त्यानं तिच्या वरच्या दगडाला आणून टांगला. चिमाई दिवसभर तिथंच असायची. हा दगड कुठला, तो असा का तासला, चुन्यात गूळ कशाला घालता. तिचे प्रश्न संपत नसत. असंच विचारता विचारता तिनं विचारलं, "आन् ह्यो ओळंबा उतरवणार कोण? सरकार?"

"ज्याचं काम, त्यो मालक उतरवतो."

"म्हंजी ह्या घराचा मालक."

"व्हय." मोताजी हातातला दगड बसवत होता. त्याचं तिच्याकडं लक्ष नव्हतं.

चिमाईनं आणखी एकच विचारलं. ओळंबा उतरल्यावर काही राहिलं असेल तर मागाहून करता येतं का? मोताजी म्हणाला, न्हाई. उतरला म्हणजे काम पुरं. मग त्यावर कुणीच दगड ठेवत नाही, तो नाही आणि दुसराही कुणी नाही.

त्यानंतर चिमाई गप्प बसली. तेली आळीत या गोष्टीचं फार नवल झालं, म्हणे. पाडवा जवळ येत चालला. भिंती छातीएवढ्या झाल्या होत्या. सुतारानं तुळया आणून टाकल्या होत्या, चिमाई जाता येता त्यांवरून हात फिरवायची, आणि मोताजी भिंतीवर चढला की तोंड नदीकडं करून उभा राहायचा.

पाडव्याचा दिवस आला, आणि तो नेमका बाजाराचा होता. सकाळी आळीत गुढ्या उभ्या राहिल्या. चिमाई अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आली आणि चौकटीत उभी राहिली. कापड घ्यायला आलेली, गूळ घ्यायला आलेली, सगळी माणसं तिनं हाका मारून गोळा केली. मग म्हणाली, "मंडळी, ऐका. माझं घर पुरं झालं."

लोक वर बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "अगं चिमे, छप्पर कुठाय?"

"मला छप्पर नगंच हुतं. वारा लागला म्हंजी मला झोप येती."

"आन् पाऊस आला म्हंजी?"

"तुला कुणी बोलावलंय निजायला?"

लोक हसले, आणि हसता हसता एकेकाच्या ध्यानात आलं ही काय करते आहे. हसू मावळलं. चिमाईनं चौकटीला कुंकू लावलं, ओळंब्याला लावलं, टाचा उंचावून गाठ सोडली आणि ओळंबा खाली घेतला. तो तिनं मोताजीच्या हातात दिला. तो म्हणाला, "बाई, इचार केला का? पुन्हा हुणार न्हाई."

"केला," ती म्हणाली. "जावा आता. आन् ह्यो तेलाचा बुधला न्या. पोरीला हळद लावाल त्याच्याआधी माझं तेल लावा."

कुणी धावत वाड्यावर सांगितलं. हैबतराव घोड्यावरून आले. त्यांनी चौकट पाहिली, तिचा मोकळा वरचा दगड पाहिला. चिमाई पदर सावरून म्हणाली, "मालकीण मी हाय, सरकार. तुमीच दिलंत न्हवं घर?" यावर हैबतरावांनी काय केलं ते दोन तऱ्हांनी सांगतात. कुणी म्हणतं, त्यांनी घोड्यावरून उतरून बेलदाराला वाट दिली. कुणी म्हणतं, त्यांनी घोडा वळवला आणि पुढं जन्मभर त्या आळीतून गेले नाहीत.

मोताजी वेशीपाशी आला तेव्हा त्याचे पाय अडले. गावातली पोरंसोरं मागं चालत आली होती, तीही थांबली. मग तो बाहेर पडला. दहा पावलांवर जाऊन वळला, आणि आपण बांधलेली वेस त्यानं पहिल्यांदा बाहेरून पाहिली. कमानीच्या उजव्या अंगाला एक दगड किंचित पुढं आलेला होता. वरून वाकून तो कधी दिसला नव्हता. मोताजीचा हात कमरेच्या हातोडीकडं गेला. परत फिरायचं, दोन ठोके घालायचे, एवढंच काम. मग त्यानं हात काढून घेतला, पाठ वळवली आणि तो नदीत उतरला. दुसऱ्या दिवशी पलीकडून सनई ऐकू आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी धूर नव्हता.

हैबतरावांनी की दिवाणजींनी, कुणीतरी नंतर त्या घराला छप्पर घालायला माणसं पाठवली. एकाही गवंड्यानं त्यावर हात ठेवला नाही. चिमाईनं उरलेले पावसाळे देवळाच्या ओवरीत काढले. थंडीत मात्र ती चौकटीच्या आत अंथरूण टाकायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माझ्यासारखं दगडी घर अख्ख्या आळीत कुणाचं नाही.

आजही हैबतनगरात घराची वास्तुशांत करायच्या आधी घरची बाई ओळंबा उतरवते. गवंड्याला तेल आणि शेला देऊन आधी वाटेला लावतात, मगच मालक उंबऱ्याच्या आत पाऊल टाकतो. काही ना काही राहिलेलं असतंच; ते तसंच राहू देतात. मागच्या वर्षी स्टेशनाकडं बारा मजल्यांची इमारत झाली. तिथं ओळंबा नव्हता, लाल उजेडाचं यंत्र होतं. तरी बायकांनी कुठून तरी एक ओळंबा पैदा केला, तळमजल्यावर टांगला, आणि त्यांच्यातली सर्वांत थोरली बाई स्टुलावर चढली. मिस्त्री रायपूरकडचा, त्याला काही उमगेना. शेला अंगावर घेऊन नुसता उभा होता. एक सूनबाई हळूच म्हणाली, "आत्या, जिन्याच्या खिडकीला काच बसायची आहे अजून."

"असू दे," म्हातारी गाठ सोडत म्हणाली, "त्याची गाडी चुकेल."