आर्डनेशच्या एफीचा गोळा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आर्डनेश नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथं अजून वीज यायची होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात एफी आणि ऊना मॅकफेल या दोघी बहिणी राहत. समुद्राला लागून हिरवळीचं एक मैदान होतं आणि त्यावर बोल्सचा खेळ रंगे. पांढरा छोटा चेंडू आधी दूर सोडायचा, मग आपला लाकडी गोळा घरंगळत त्याच्या जवळात जवळ न्यायचा. गोळा एका अंगानं जड, म्हणून तो वळत वळतच जातो.

धाकटी एफी गोळा सोडायची आणि थोरली ऊना समोरच्या टोकाला उभी राहून हातानं वाट दाखवायची. एफीचा गोळा पाळलेल्या मांजरासारखा चेंडूला अंग लावून बसे, असं म्हणतात.

एकदा शहरातल्या मोठ्या क्लबची माणसं आली. त्यांना एफी हवी होती, एकटी.

"ऊना नाही तर मीही नाही," एफी म्हणाली.

"वेडी का काय तू?" ऊना म्हणाली. "मग ही हिरवळ कोण राखणार? तू जा, जिंकून ये."

"पुढच्या उन्हाळ्यात येतेच बघ."

"ये."

एफी गेली. उन्हाळ्यात हिरवळीवर जिंकली, हिवाळ्यात छपराखाली, अंथरलेल्या गालिच्यावर जिंकली. आधी देशाची विजेती झाली, मग जगाची. ती खेळायला उभी राहिली की बंद सभागृहातसुद्धा खारा वारा सुटायचा, असं म्हणतात. पण टाळ्यांचा कडकडाट व्हायचा तेव्हा तिची नजर आपसूक समोरच्या टोकाला जायची. तिथं कुणीतरी दुसरंच उभं असायचं. चांगलं खेळणारं, पण परकं. दर उन्हाळ्यात ती गावी जायचं ठरवी आणि दर उन्हाळ्यात नवी स्पर्धा आडवी येई.

इकडे ऊना हिरवळ कापत राहिली. केस पांढरे झाले तरी कापत राहिली. शेजारची मोरॅग विचारायची, "कुणासाठी गं एवढं?"

"एफीला खडबडीत चालत नाही," ऊना म्हणायची.

मग हिवाळा सरता सरता एका अंतिम सामन्यात, शेवटचा गोळा टाकायचा तेवढा राहिला असताना, एफीला समोरच्या टोकाला ऊना दिसली, असं म्हणतात. ती नुसती उभी होती, हात खाली सोडून. एफीनं गोळा टाकलाच नाही. तो काखोटीला मारून ती भरल्या सभागृहातून चालू लागली. आधी आगगाडी, मग बोट, मग आर्डनेशचा धक्का.

धक्क्यावर मोरॅग उभी होती. "काल हिरवळ कापून घरी आली," ती म्हणाली, "म्हणाली, जरा पडते. उठलीच नाही गं."

एफी घरी गेली नाही, मैदानावर गेली. कापल्या गवताचा वास अजून ओला होता. तिनं चेंडू मांडला नाही. काखेतला गोळा तेवढा सोडला. तो वळला नाही, थांबला नाही. हिरवळ ओलांडून, वाळूवरून, भरतीच्या पाण्यात शिरला. तो कुणाला सापडला नाही, असं म्हणतात.

त्यानंतर एफी कुठल्याच स्पर्धेला गेली नाही. मरेपर्यंत हिरवळ तिनंच राखली.

अजूनही आर्डनेशमध्ये वसंतात खेळ सुरू होतो, तेव्हा पहिला गोळा एफीच्या नावानं सोडतात. त्या दिवशी चेंडू मांडत नाहीत. गोळा जिथं थांबेल तिथं थांबतो आणि अंतर मोजायला कुणी पुढं होत नाही. ओहोटी लागेपर्यंत सारं गाव समोरच्या मोकळ्या टोकाकडे बघत उभं राहतं.